हमाली गेली, आता शिकायचं कुठे?

आमच्या धंद्यात सध्या सगळ्यात मोठं कौशल्य कुठलं असेल तर ते म्हणजे पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, वेळेत ओटीपी मिळवणं. हसू नका. मी इचलकरंजीत टॅक्सची कामं करतो, पार्ट्या बहुतेक यंत्रमागवाल्या, आणि माग चालू असताना माणसाला फोन लावून बघा एकदा. पलीकडे चोवीस मागांचा खडखडाट, तो ओरडतोय "काय म्हणता? ऐकू येईना!", मी इकडे ओरडतोय "ओटीपी आलाय बघा, ओटीपी!", मग तो "थांबा, भाईर जातो" म्हणतो, दारापर्यंत पोचतो तोवर कामगार येऊन सांगतो की बीम (मागावरचा सुताचा रूळ) संपलं, तो तिकडे वळतो, आणि माझ्या स्क्रीनवरची मुदत संपते. परत रिसेंड. सीझनला हे दिवसातून वीस वेळा होतं. अठ्ठावीस वर्षं या लाईनीत काढून शेवटी काय कमावलं, तर ओटीपी मागायची कला.

"इंटरनेटमुळे डॉक्टर, वकील, सीए असल्या लोकांचं पुढे काय होणार" हा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. एक म्हणतात संपलं सगळं, पाच वर्षांत तुमची दुकानं बंद, मोबाईलच सगळं करेल. दुसरी म्हणतात आता काय टेन्शन, गावात आंब्याच्या झाडाखाली बसा आणि अमेरिकेचं काम करा. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण मला ज्या गोष्टीची काळजी वाटते त्याबद्दल दोघंही गप्प. माझं म्हणणं असं की इंटरनेट आमच्या धंद्यातली हमाली घेऊन चाललंय, ती खुशाल जाऊ दे, तिच्यासाठी रडायचं कारण नाही. पण आमच्या धंद्यात माणूस तयार व्हायचा तो त्या हमालीतच, आणि ती गेल्यावर नवीन पोरं कुठे तयार होणार याची सोय कुणी करत नाहीये. ना आम्ही, ना सरकार, ना पार्ट्या.

हमाली म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. मी लागलो तेव्हा ३१ जुलै म्हणजे जत्रा असायची. सरल फॉर्म हाताने भरायचे, टीडीएसची ओरिजिनल सर्टिफिकेटं टाचणीने लावायची, बँकेत चलन भरायला रांग, कार्बन नीट लागला नसेल तर परत, मग इन्कम टॅक्सच्या ऑफिसात दुसरी रांग आणि तिथून पोचपावतीवर शिक्का मिळाला की त्या दिवसाचं सार्थक. परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून सी फॉर्म (सेल्स टॅक्स कमी दराने लागावा म्हणून लागणारा कागद) गोळा करणं हा तर वेगळाच छळ, एका फॉर्मसाठी मी भर उन्हाळ्यात थेट परराज्यात जाऊन आलोय, आणि शेठ गावाला गेलेले म्हणून हात हलवत परत. हे सगळं गेलं. रिटर्न ऑनलाईन झाली, २००९ ला बेंगळुरूचं प्रोसेसिंग सेंटर आलं, २०१९ पासून फेसलेस असेसमेंट आलं, म्हणजे आपली केस देशातला कुठला अधिकारी बघतोय तेच कळत नाही, उत्तरं पोर्टलवर चढवायची. २०२४ च्या ३१ जुलैपर्यंत देशात ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली, त्यातली जवळजवळ ७० लाख शेवटच्या एका दिवसात. जुन्या पद्धतीने हे होणं शक्यच नव्हतं, एवढ्या टाचण्या कुठून आणणार.

आणि इंटरनेटने आमचं काम नुसतं खाल्लं नाही, आधी भरपूर दिलंय, हेही सांगायला पाहिजे. कापडावर पूर्वी सेल्स टॅक्स नव्हता. त्यामुळे आमच्या गावातले कितीतरी कारखानदार असे होते की ज्यांनी आयुष्यात कधी खातेवही धड लिहिली नव्हती, बिलाचे कागद खुंटीला लावलेल्या तारेत खोवलेले असायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही सगळी माणसं एकदम आमच्या दारात उभी राहिली. जीएसटी हा पोर्टलशिवाय चालूच शकत नाही असा कर आहे, तो इंटरनेटचंच लेकरू. दोन-तीन वर्षं आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती, ज्याला कॉम्प्युटर चालू करता येतो त्याने पण बोर्ड लावले. मग हळूहळू तेच पोर्टल शहाणं व्हायला लागलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल पोर्टलवर नोंदवून घेणं, ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं, ते खाली येत येत ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत आलं. समोरच्याने बिल टाकलं की ते आपल्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत, आपोआप दिसतं, म्हणजे जे काम करायला दोन माणसं दोन दिवस बसायची ते आता चहा यायच्या आत होतं. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. साध्या पगारदाराचं रिटर्न पाच-सहा वर्षांत 'भरायचं' राहणारच नाही, तयार येईल, बघायचं आणि बटण दाबायचं. स्वीडन, एस्टोनियात हे कधीच सुरू झालंय. त्यात इन्कम टॅक्सच्या नवीन रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि वजावटी पण जवळजवळ नाहीत, मग मार्चमध्ये "सर, कशात पैसे घालू?" विचारायला कोण येणार. आमच्यातले बरेच जण अजून या रिटर्नांच्या संख्येवर जगतात, पाचशे रिटर्न गुणिले इतके रुपये, त्यांनी दुसरं काहीतरी बघायला घ्यावं हे मी मनापासून सांगतो. मीपण घेतलंय.

आता गावात बसून जगाचं काम करायचं त्याबद्दल. होतंय, खोटं नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा, एम.कॉम., घरात बसून ऑस्ट्रेलियातल्या एका अकाउंटंटची पुस्तकं लिहितो. पहाटे उठतो, दुपारी मोकळा, बापाने आयुष्यभर मागावर मिळवलं नाही एवढं महिन्याला मिळवतो. मला त्याचा अभिमान आहे. पण एकदा त्याला सहज विचारलं की बाबा तू ज्या दुकानाची पुस्तकं लिहितोस ते कसलं दुकान आहे. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला "काका, आपल्याला फक्त बँक स्टेटमेंट येतं, कोडिंग करायचं." म्हणजे हमालीच, फक्त डॉलरमधली. आणि ज्या दिवशी मशीन ती करेल त्या दिवशी ऑस्ट्रेलियातला माणूस ईमेलसुद्धा करणार नाही, नुसता लॉगिन बंद होईल.

अंतर संपलं असं जे म्हणतात त्यांना मी कोल्हापूरचं उदाहरण देतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कितीतरी वर्षं आंदोलनं केली, मोर्चे काय, साखळी उपोषणं काय. आणि हे कधी मिळालं? कोविडनंतर, जेव्हा व्हिडिओवर सुनावणी सगळ्यांना माहीत झाली होती, ई-फायलिंग आलं होतं, केंद्राने ई-कोर्टाच्या तिसऱ्या टप्प्याला ७२१० कोटी मंजूर केले होते. तरी बेंच सुरू झालं त्या दिवशी लोकांनी जल्लोष केला. लोक काय खुळे आहेत का? सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्याला आपली जमिनीची केस कुणाच्या तरी समोर उभं राहून ऐकायची असते, आपला वकील काय बोलला, साहेबांच्या कपाळाला कधी आठी पडली हे बघायचं असतं. स्क्रीनवर ते दिसतं पण लागत नाही.

बरं, मी फेसलेसच्या विरोधात आहे असं समजू नका. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर मी जेवढे तास काढले तेवढ्यात दुसरी एक डिग्री झाली असती. समोरासमोर बसल्यावर आणखी काय काय चालायचं ते सगळ्यांना माहीत आहे, मी कशाला लिहू. ते बंद झालं, चांगलं झालं. पण एक काम त्याने नवीन तयार केलं. आमच्याकडे खर्चीवाले असतात. म्हणजे ज्याचे माग आहेत पण सूत त्याचं नाही, व्यापारी सूत देतो, हा विणून कापड परत देतो आणि त्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी मिळते, पैशाच्या हिशोबात. शेडमध्ये लाखोंचं कापड पडलेलं, त्यातला एक वारही त्याचा नाही. एका खर्चीवाल्याला पोर्टलवर विचारणा आली की तुमचं वीजबिल एवढं, तुमचे माग एवढे, मग तुमच्या ताळेबंदात कापडाचा स्टॉक का नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. विचारणारा माणूस कदाचित असा असेल की ज्याने माग कधी बघितलाच नाही, आणि त्याने तरी का बघितलेला असावा. पूर्वी इथला साहेब असता तर एका वाक्यात विषय संपला असता, "खर्चीवाला आहे साहेब", झालं. मी दोन दिवस बसून साडेचार पानं लिहिली, सूत कुठून येतं, सायझिंगला (खळ लावायला) कुठे जातं, बीम कुणाचं, पीक म्हणजे काय, मजुरीचं बिल कसं होतं, मागांचे फोटो, व्यापाऱ्याची चलनं. मान्य झालं, एका ओळीत. पार्टीला बिल दिलं तर तो म्हणाला "एक उत्तर तर लिहिलंय, त्याचे एवढे?"

इथेच खरी मेख आहे. हे साडेचार पानांचं उत्तर हेच आता आमचं काम उरणार आहे, आणि हे लिहिता येणं मी कुठे शिकलो?

आमच्या सरांकडे. ते महिन्याला ४०० रुपये द्यायचे आणि चहा आणायला पण आम्हालाच पाठवायचे, त्याचं कौतुक नको. पार्टी कागदं घेऊन यायची ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत, ती पिशवी आमच्या पुढ्यात उलटी केली जायची आणि तारखेप्रमाणे कागद लावायचे. मग पासबुक आणि व्हाउचर समोरासमोर ठेवून लाल पेन्सिलीने टिक. महिनोन् महिने टिक. डोकं फिरायचं. पण काय व्हायचं, दहाव्या पिशवीनंतर कागद बोलायला लागायचे. मला आठवतं, एका पार्टीच्या पासबुकात मे महिन्यात नुसते पैसे काढलेले दिसत होते, मी सरांना म्हटलं हे खर्चाला लागत नाहीयेत. सरांनी वर न बघता विचारलं, "पोरगीचं लग्न झालं का त्याच्या?" झालं होतं. पुढच्याच पिशवीत सर म्हणाले की दर महिन्याच्या पाच तारखेला एकाच माणसाला सारखीच रक्कम जाते ती बघ, ते व्याज आहे, कर्ज कुठल्या पुस्तकात नाही, त्याला विचार. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. आकड्याच्या मागे माणूस बघायची सवय त्या टिकांमधून लागली, कंटाळ्यातून लागली म्हणा.

आता माझ्याकडे एक मुलगी आहे, बावीस वर्षांची, हुशार, एक्सेल असं चालवते की मी नुसता बघत राहतो. गेल्या वर्षी एका पार्टीचं काम करताना मला खरेदी जरा फुगलेली वाटली, मी तिला विचारलं ही एवढी का वाढली गं. ती म्हणाली, "२बी मॅच आहे सर." मी म्हटलं मॅच आहे ते कळलं, पण वाढली का? ती परत म्हणाली मॅच आहे. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला होता, पोर्टलवर हिरवं आहे म्हणजे खरं आहे. मी बिलं काढायला लावली. पॉलिस्टर सुताची बिलं. आणि त्या माणसाच्या मागावर आयुष्यात कॉटनशिवाय काही चाललेलं नाही, त्याच्या बापाच्या मागावरही नाही. पार्टीला बोलावलं, तो नुसता हसला. मी म्हटलं या बिलांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घ्यायची नाही, उद्या त्या बिलं फाडणाऱ्याचं रजिस्ट्रेशन रद्द झालं की व्याजासकट तुझ्या गळ्यात येईल. तर सांगायचं काय, सिस्टीमच्या लेखी ते सगळं बरोबर होतं. चूक दिसायला त्या शेडमध्ये जाऊन आलेला माणूस लागला.

त्या मुलीचा काही दोष नाही. तिला ती पिशवी मिळालीच नाही. तिच्यापर्यंत येतो तो धुवून, घडी घालून आलेला डेटा. सीएच्या पोरांचंही तेच, २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडची उमेदवारी, तीन वर्षांची दोन केली, त्याची कारणं असतील, मी काही सीए नाही, माझ्यावर चिडू नका. पण दोन वर्षंसुद्धा तो पोरगा करतो काय, तर सॉफ्टवेअरने काढलेला रिपोर्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. मी ऐकतो ते वकिलांकडे पण असंच, ज्युनिअर पूर्वी लायब्ररीत बसून एका निकालासाठी दहा निकाल वाचायचा, ते नऊ फुकट वाचलेले पुढे आयुष्यभर कामाला यायचे. आता सर्चमध्ये शब्द टाकला की नेमका पॅरा समोर.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार की अहो मशीनला पण अक्कल येईल, पॉलिस्टर-कॉटन तेही ओळखेल. येईल की. मी कशाला नाही म्हणू, दहा वर्षांपूर्वी मी २बी ला पण नाही म्हटलं असतं. पण दोन गोष्टी माझ्या डोळ्यासमोर आहेत.

पहिली इन्कम टॅक्सच्या ८७ए कलमाची. कमी उत्पन्न असलेल्याला करात जी सूट मिळते ती. ५ जुलै २०२४ ला पोर्टलवरचं रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि शेअर्सच्या नफ्यासारख्या स्पेशल रेटच्या उत्पन्नावर ती सूट मागायची सोयच बंद झाली. म्हणजे ४ जुलैला रिटर्न भरणाऱ्याला सूट, ६ जुलैला भरणाऱ्याला नाही, कायदा तोच, उत्पन्न तेच! माझ्याकडे एक पगारदार मुलगा आला होता, थोडे शेअर विकलेले, तो म्हणे मित्राला शून्य टॅक्स आला आणि मला कसा काय. मी स्क्रीन दाखवली, तिथे खाना राखाडी झालेला, काही लिहूनच घेत नव्हता. तुम्ही चूक लिहिलंत तर अधिकारी नाकारू शकतो, त्यावर अपील होतं, ट्रिब्युनल आहे, कोर्ट आहे. पण लिहूच दिलं नाही तर अपील कशावर करणार? शेवटी मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था हायकोर्टात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने मुदत वाढवायला लावली, आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला की सूट मिळते की नाही हा वादाचा मुद्दा असेल, पण ती मागायलाच सॉफ्टवेअरने अडवायचं नाही. पुढच्या बजेटमध्ये सरकारने कायद्यातच लिहिलं की इथून पुढे अशी सूट नाही. ठीक आहे, ते कायद्याने सांगितलं, मान्य. प्रोग्रॅमरने सांगून चालणार नाही एवढंच.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०२५ ची. मुंबई हायकोर्टाने एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, कारण तिच्यात अधिकाऱ्याने ज्या निकालांचा आधार घेतला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने एआयचा उल्लेख करून बजावलं की यंत्राने दिलेलं तपासून घ्या. आता विचार करा, समोरच्या बाजूला आयुष्यभर पानं उलटलेला एखादा जुना सल्लागार नसता, आणि जो असता त्यानेही ते निकाल तसेच कॉपी-पेस्ट करून पार्टीला सांगितलं असतं की बाबा कठीण आहे, भरून टाक. किती जणांनी असं भरून टाकलं असेल कुणाला माहीत.

म्हणून मला वाटतं की येत्या काळात आमचं, वकिलांचं, डॉक्टरांचं पण, काम कमी होण्यापेक्षा आकुंचन पावून जड होईल. सोपं सगळं मशीनकडे, आणि आमच्याकडे फक्त अडलेलं, वाकडं, भांडायचं आणि सही करायचं. सहीची किंमत तर इंटरनेटने वाढवलीच आहे. पूर्वी सीएचा शिक्का कुठल्याही रबर स्टॅम्पवाल्याकडे बनवून मिळायचा, आता २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटला १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे ऑनलाईन ओळख-क्रमांक, लागतो, बँकवाला जागेवर बसून तपासतो. म्हणजे सही खोटी मारता येत नाही, आणि खरी मारली की सुटता येत नाही. असं जड काम पेलणारी माणसं चाळीशी-पन्नाशीतली आत्ता आहेत, ती त्या पिशव्यांमधून आलेली. ती गेली की मग?

मी आमच्या ऑफिसात एक खुळचटपणा सुरू केलाय. महिन्यातून एक फाईल हाताने. त्या मुलीला मी बँक स्टेटमेंटची प्रिंट देतो, लाल पेन देतो आणि सांगतो सॉफ्टवेअर उघडायचं नाही. आणि मोठ्या पार्टीबरोबर बोलणं असेल तेव्हा तिला शेजारी बसवतो, टाईप करायला नाही, ऐकायला. दोन वेळा तिला सायझिंगला पाठवलं, कपडे खळीने खराब झाले म्हणून घरी बोलणी खाल्ली तिने. पहिले दोन महिने तिला वाटलं सरांना वेड लागलंय, परवा मात्र स्वतःहून म्हणाली की सर ह्यांचं डिझेल एवढं कसं, यांच्याकडे गाडी एकच आहे. मी मनातल्या मनात सरांना नमस्कार केला. पण हे माझ्या खर्चाने चाललंय, त्या दिवसाचा तिचा पगार कुठली पार्टी देत नाही. मोठ्या फर्मना तर हे अजून सोपं आहे, त्यांनी मशीनमुळे वाचलेल्या तासांतले थोडे तरी पोरांच्या शिकण्यावर घालवावेत, सगळाच फायदा खिशात घालू नये.

सरकारकडून मला दोनच गोष्टी हव्यात. एक, पोर्टलमध्ये असा बदल की ज्याने कुणाचा हक्क बदलतो, तो कायद्यातला बदल समजा, आधी जाहीर करा, हरकती मागवा, मग करा. रात्रीत अपडेट टाकून सकाळी राखाडी खाना दाखवायचा नाही. दोन, प्रत्येक ऑनलाईन व्यवस्थेत एक दार असं ठेवा की तिथे माणूस माणसाशी बोलू शकेल, आणि तो माणूस निर्णय घेऊ शकणारा असेल, नुसता "तुमची तक्रार नोंदवली आहे" म्हणणारा नसेल. पैसेवाला हायकोर्टात जातो. खर्चीवाला कुठे जाणार, तो भरून टाकतो.

आणि पार्ट्यांचं काय? आपल्याकडे सल्ल्याला पैसे द्यायची पद्धतच नाही हो. कागद हातात पडला की पैसे, बोलणं फुकट. आजवर चाललं, कारण आम्ही सल्ल्याचे पैसे कागदात लपवून घ्यायचो, रिटर्नच्या फीमध्येच वर्षभराचे "जरा विचारायचं होतं" वाले फोन धरलेले असायचे. आता कागद फुकट झाला, मग बोलण्याचे पैसे मागावे लागणार, आणि मागताना जीभ जड होते, मी खरं सांगतो.

मागच्या मार्चमध्ये पहिल्यांदा धाडस केलं. एक कापड व्यापारी आला, घाबरलेला. मोबाईलवर फॉरवर्ड आलेलं की ४५ दिवसांत सगळ्यांचे पैसे नाही दिले तर खर्च धरणार नाहीत. छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत द्यायला लावणाऱ्या इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) कलमाचं ते, २०२३-२४ पासून लागू आहे पण फॉरवर्ड दर मार्चला नव्याने फिरतं. आमच्या गावात दोन-तीन महिन्यांची उधारी म्हणजे रोजचं, त्यामुळे त्याला घाम फुटलेला, व्याजाने पैसे काढून सगळ्यांना वाटून टाकायच्या तयारीत होता. ज्यांचे पैसे त्याला द्यायचे होते त्यांची यादी मी घेतली आणि एकेक नाव विचारत गेलो. हा कोण? सूतवाला. मिल की ट्रेडर? ट्रेडर. मग हा यात बसत नाही, खोड. हा? कारखानदार, कापड विणून विकतो. उद्यम नोंदणी आहे? आहे. मग याचे पैसे आधी दे. लेखी करार काही केलास का? नाही. मग ४५ पण नाहीत, १५ दिवस. हा? मोठी मिल आहे, सोड. असं करत करत अर्ध्या तासात यादी निम्म्याच्या खाली आली. ती मुलगी शेजारी बसून लिहीत होती. व्यापाऱ्याचा चेहरा सैल झाला, पाणी प्यायला, उठला, आणि नेहमीप्रमाणे "बरं येतो सर" म्हणून दाराकडे निघाला.

मी म्हटलं, "शेठ, हजार रुपये झाले."

तो थांबला. "कशाचे?"

"आत्ता बोललो त्याचे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे बघितलं, मग परत येऊन खुर्चीवर बसला. खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या, टेबलावर ठेवल्या, पण त्यावरचा हात काही उचलेना. म्हणाला, "देतो की. पण सर, ते जरा लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून द्या. नुसत्या बोलण्याचे दिले म्हणून घरात सांगता येत नाही."

मुलीने लेटरहेड काढलं.